टॅक्सीआधीचा आणि टॅक्सीनंतरचा जॉनी कॅरी

२८ सप्टेंबर १९४६, शनिवार. बेलफास्टच्या विंडसर पार्क मैदानावर आयर्लंडचा संघ इंग्लंडशी खेळला आणि ७-२ असा सपाटून हरला. लगेचच्या सोमवारी, ३० सप्टेंबरला, डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर आयर्लंड पुन्हा इंग्लंडपुढे उभा ठाकला. या वेळी सामना संपत आला तरी गोलफलक कोरा होता. अखेर टॉम फिनीनं कोंडी फोडली आणि इंग्लंडनं कसाबसा १-० असा विजय पदरात पाडून घेतला. दोन्ही दिवशी नाव ‘आयर्लंड’च, पण संघ दोन होते, त्यांच्या संघटना दोन होत्या आणि त्यांच्यामध्ये सीमारेषा होती. दोन्ही सामन्यांत खेळलेल्या मोजक्या खेळाडूंमध्ये सत्तावीस वर्षांचा, केस विरळ होत चाललेला एक डब्लिनकर होता. त्याचं नाव जॉनी कॅरी.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तशी फुटबॉलचीही झाली. बेलफास्टची जुनी संघटना होती तिथेच राहिली, डब्लिननं आपली वेगळी उभी केली. दोघींचाही दावा सबंध बेटावर होता, त्यामुळे १९५० पर्यंत दोघीही उत्तर-दक्षिण न पाहता खेळाडू निवडत. कॅरीसारख्याला दोन्हीकडून बोलावणं येई आणि तो दोन्हीकडे जाई. जिथं गरज असेल तिथं उभं राहायचं आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही, ही त्याची रीत पुढे मैदानातही दिसली आणि मैदानाबाहेरही.

आज मात्र इंग्लंडमध्ये त्याचं नाव निघतं ते एका टॅक्सीमुळे. एखाद्या मॅनेजरचे दिवस भरत आले की प्रेक्षक ‘टॅक्सी बोलवा’ म्हणून ओरडतात. ती थट्टा कॅरीच्या १९६१ मधल्या प्रसंगातून आली असं तिथे सांगितलं जातं. पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीतली ती काही मिनिटं. त्यांच्या आधीचं आणि नंतरचं काम इतकं मोठं आहे की त्या काही मिनिटांनी ते झाकून टाकावं, हा त्या माणसावर सरळसरळ अन्याय आहे.

जॉन जोसेफ कॅरी २३ फेब्रुवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये जन्मला. लहानपणी तो गेलिक फुटबॉल खेळे. आयर्लंडच्या या देशी खेळात चेंडू हातानंही हाताळता येतो. तो खेळ चालवणाऱ्या संघटनेचा एक कडक नियम होता : सदस्यानं सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी असले ‘परके’ खेळ खेळायचे नाहीत. हा नियम थेट १९७१ मध्ये उठला. कॅरीच्या पिढीतल्या पोरांना दोहोंतलं एक निवडावंच लागे. त्यानं सॉकर निवडलं आणि तो गिनेस मद्यभट्टीच्या ‘सेंट जेम्सेस गेट’ संघातून खेळू लागला.

१९३६ च्या शरदात मँचेस्टर युनायटेडचा हेर लुई रोका डब्लिनला आला तो भलत्याच खेळाडूसाठी. तो खेळाडू हातचा गेला होता. आलोच आहोत तर सामना तरी पाहू म्हणून रोका बसला आणि त्याची नजर सतरा वर्षांच्या कॅरीवर गेली. अडीचशे पौंडांत व्यवहार झाला. युनायटेड त्या वेळी आजच्यासारखा बलाढ्य क्लब नव्हता. पहिल्या आणि दुसऱ्या विभागांत त्याची ये-जा चालू असे. सप्टेंबर १९३७ मध्ये कॅरी साउदॅम्प्टनविरुद्ध पहिला सामना खेळला, आघाडीच्या फळीत डावीकडून. दीड महिन्यानं डब्लिनमध्ये नॉर्वेविरुद्ध तो आयर्लंडसाठीही उतरला. त्या हंगामाअखेर युनायटेड पहिल्या विभागात परतलं. मग युद्ध आलं.

आयर्लंड युद्धात तटस्थ होता. आयरिश नागरिकाला मायदेशी परतून लढाईपासून दूर राहायची मोकळीक होती. कॅरीनं ती घेतली नाही. ज्या देशात आपण पोटाला मिळवतो त्याच्यासाठी लढायला हवं, अशी त्याची साधी समजूत होती. ब्रिटिश लष्करात भरती होऊन तो मध्यपूर्वेत आणि इटलीत राहिला. ऐन विशीतली सहा-सात वर्षं अशी गेली. फुटबॉलपटूला ती परत मिळत नाहीत. मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदानही उद्ध्वस्त झालं.

ऑक्टोबर १९४५ मध्ये मॅट बझ्बी युनायटेडचा मॅनेजर म्हणून रुजू झाला तेव्हा क्लबकडे मैदान नव्हतं आणि पैसाही नव्हता. होते ते लष्करातून परतलेले काही खेळाडू. त्यात कॅरी होता. बझ्बीनं त्याला कर्णधार केलं आणि हळूहळू मागे आणलं : आघाडीतून हाफबॅक, हाफबॅकवरून उजवा फुलबॅक. त्या काळी फुलबॅकचं काम म्हणजे विंगरला आडवं जायचं आणि चेंडू हाती, म्हणजे पायी, लागला की लांब भिरकावून द्यायचा. आघाडीत घडलेल्या कॅरीला चेंडू असा फेकून देणं जमतच नसे. तो चेंडू अंगावर घेई, मान वर करून पाही आणि मोकळ्या साथीदाराच्या पायात सरकवी. युनायटेडचा हल्ला त्यामुळे बचावफळीतून सुरू होऊ लागला. डावीकडच्या जॉन ॲस्टनलाही बझ्बीनं असंच आघाडीतून मागे आणलं होतं.

१९४६-४७, १९४७-४८, १९४८-४९ असे तीन हंगाम युनायटेड लीगमध्ये दुसरं आलं. घरचे सामने खेळायचे ते प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मेन रोडवर, भाडं भरून. १९४८ च्या एफ. ए. कपमध्ये तर काही वेळा तेही जमेना, कारण कपच्या दिवशी सिटीलाच मैदान लागे. लिव्हरपूलशी ‘घरचा’ सामना खेळला गेला तो लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर, चार्ल्टनशी हडर्सफील्डला. सहा फेऱ्यांत सहाही प्रतिस्पर्धी पहिल्या विभागातले होते. ॲस्टन व्हिलानं पहिल्या मिनिटाच्या आतच गोल केला होता. युनायटेडनं तो सामना ६-४ असा जिंकला.

२४ एप्रिल १९४८ रोजी वेम्बलीवर अंतिम सामना झाला. समोर स्टॅन्ली मॅथ्यूज आणि स्टॅन मॉर्टेन्सन यांचं ब्लॅकपूल होतं. पेनल्टीवर ब्लॅकपूल पुढे गेलं, युनायटेडच्या जॅक रोलीनं बरोबरी साधली, मॉर्टेन्सननं पुन्हा आघाडी मिळवून दिली. वीसच मिनिटं उरली तरी २-१. अशा वेळी संघ उंच, लांब चेंडू टाकायच्या मागे लागतात. कॅरीचा संघ आपल्या जोडणीच्या खेळाला चिकटून राहिला. सत्तराव्या मिनिटाला रोलीनं फ्री-किकवर डोक्यानं गोल केला. मग मॉर्टेन्सन एकटाच गोलकडे सुटला. गोलरक्षक जॅक क्रॉम्प्टननं त्याचा फटका अडवला आणि तोच चेंडू झरझर पुढे जाऊन स्टॅन पिअर्सनच्या पायी लागला. पिअर्सनचा फटका खांबाला लागून आत गेला. जॉन अँडरसननं चौथा गोल केला. ४-२. राजे सहावे जॉर्ज यांच्या हातून कप घेणारा युनायटेडचा कर्णधार डब्लिनचा होता. क्लबनं याआधी कप जिंकला होता तो १९०९ मध्ये.

त्याच्या आदल्या वर्षी, मे १९४७ मध्ये, ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप असा सामना भरला होता. ब्रिटनच्या संघटना फिफामध्ये परतल्या, त्याच्या आनंदासाठी. सव्वा लाखावर लोक जमले होते. युरोपच्या संघात स्वीडनचे ग्रेन आणि नॉर्दाल, हॉलंडचा विल्केस, इटलीचा पारोला अशी मोठी नावं होती आणि कर्णधार होता कॅरी. नुकतेच एकत्र आलेले, एकमेकांची भाषा न कळणारे हे अकरा जण ६-१ असे हरले. तरी युरोपभरातल्या खेळाडूंतून त्यालाच कर्णधार नेमलं गेलं, यातून त्या वेळचा त्याचा दबदबा कळतो. १९४९ मध्ये फुटबॉल लेखकांच्या संघटनेनं वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड केली. हा मान सुरू झाला त्या वर्षी तो मॅथ्यूजला मिळाला होता, दुसरा कॅरी.

त्याच १९४९ च्या २१ सप्टेंबरला गुडिसन पार्कवर जे घडलं ते अजूनही हवं तितकं लोकांना ठाऊक नाही. डब्लिनच्या संघटनेचा आयर्लंड इंग्लंडशी त्यांच्या घरी खेळायला आला. ब्रिटनबाहेरच्या कुठल्याच संघानं तोवर इंग्लंडला इंग्लंडच्या भूमीवर हरवलं नव्हतं. इंग्लंडकडे बिली राइट, नील फ्रँकलिन, विल्फ मॅनियन, फिनी होते. कॅरीचा क्लबमधला जोडीदार ॲस्टनही समोर होता. आयर्लंडचा गोलरक्षक टॉमी गॉडविन डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सचा. उजव्या बाजूला कॅरी आणि त्याच्यासमोर फिनी, जो त्या दिवशी डाव्या बगलेवर होता.

पहिल्या सत्रात पीटर डेस्मंडला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली. कॉन मार्टिनचा फटका इंग्लंडच्या गोलरक्षकाला, बर्ट विल्यम्सला, लागूनही जाळ्यात गेला. त्यानंतरचा जवळजवळ तासभर इंग्लंडचा होता. कॉर्नरमागून कॉर्नर, फटक्यामागून फटका. गॉडविन झेपावत होता, बचावफळी मागे मागे रेटली जात होती. फिनीला पकडायला कॅरी धावत सुटत नव्हता. त्याची आतली वाट बंद करून तो त्याला रेषेकडे ढकलत राहिला. मग पाच मिनिटं उरली असताना पीटर फॅरेलनं पुढे सरसावलेल्या विल्यम्सच्या डोक्यावरून चेंडू अलगद टाकला. फॅरेल एव्हर्टनचाच, म्हणजे हे त्याचं रोजचं मैदान. २-०. चार वर्षांनी हंगेरीनं वेम्बलीवर ६-३ असा विजय मिळवला तेव्हा इंग्लंडचा घरचा गड पहिल्यांदा पडला असं जगानं मानलं. तो १९४९ मध्येच गुडिसनवर पडला होता.

१९५१-५२ मध्ये, एकंदर चार वेळा दुसरं आल्यावर, युनायटेडनं लीग जिंकली. शेवटच्या सामन्यात आर्सेनलचा ६-१ असा फडशा पाडून. १९११ नंतरचं ते पहिलं विजेतेपद. कॅरी तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच्याभोवती बझ्बीची नवी पोरं येऊ लागली होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये संडरलंडला सामन्यासाठी गेले असता गोलरक्षक क्रॉम्प्टन ऐनवेळी आजारी पडला. दुसरा गोलरक्षक बोलवायला वेळ नव्हता. कर्णधारानं जर्सी चढवली, गोलात उभा राहिला आणि सामना २-२ असा राखला. युनायटेडसाठी तो नऊ निरनिराळ्या जागांवर खेळला, त्यातली ही एक. ३४४ सामने खेळून १९५३ च्या मेमध्ये त्यानं बूट काढले. क्लबनं प्रशिक्षकाची जागा देऊ केली होती. त्यानं ब्लॅकबर्न रोव्हर्सचं मॅनेजरपद घेतलं.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरचं गिरणगाव. क्लब जुना, मानाचा, पण दुसऱ्या विभागात रुतलेला. पहिल्याच हंगामात कॅरीचा संघ तिसरा आला. वर जाणाऱ्या लेस्टर आणि एव्हर्टनपेक्षा एकच गुण कमी. पुढच्या हंगामात त्यांनी लीगमध्ये ११४ गोल केले. एकट्या मिडल्सबरोवर एका सामन्यात नऊ. विकत घ्यायला पैसा नव्हता, म्हणून कॅरीनं हाताशी असलेल्या तरुणांना वाढवलं : ब्रायन डग्लस, रॉनी क्लेटन, पीटर डॉबिंग, रॉय व्हर्नन. फळ्यावर रेघा ओढून डावपेच समजावण्यात त्याला रस नव्हता. चेंडू झपाझप एकमेकांत फिरवत ठेवा, एवढंच त्याचं सांगणं असे. खेळाडूंवर तो ओरडत नसे. पाइप ओढत शांतपणे बोले. ‘जंटलमन जॉन’ हे नाव त्यामुळेच पडलं.

१९५८ च्या पहिल्या चार महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. ६ फेब्रुवारीला म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं. कॅरीनंतर काही काळानं कर्णधार झालेला रॉजर बर्न गेला. लियम व्हीलन गेला. तो डब्लिनचा होता आणि आयर्लंडसाठी कॅरीच्या हाताखाली खेळलेला होता. एप्रिलमध्ये ब्लॅकबर्नचा शेवटचा सामना लंडनला चार्ल्टनच्या मैदानावर होता. वर जायला चार्ल्टनला बरोबरी पुरेशी होती, ब्लॅकबर्नला विजयच हवा होता. ब्लॅकबर्न ४-३ असं जिंकलं आणि एका गुणानं पहिल्या विभागात गेलं.

दरम्यान १९५५ पासून तो आयर्लंडचाही मॅनेजर होता. हे पद नावापुरतंच मोठं होतं. संघ निवडायची ती डब्लिनमधली निवड समिती. कॅरीला यादी मिळे आणि ती घेऊन मैदानात उतरायचं. खेळाडू शनिवारी इंग्लंडमध्ये आपापल्या क्लबसाठी खेळून, रात्रीची बोट पकडून रविवारी डब्लिनला पोचत, असेही प्रसंग असत. तरी या संघानं मे १९५७ मध्ये इंग्लंडला घाम फोडला. अल्फ रिंगस्टेडनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि डॅलिमाउंट पार्क शेवटच्या मिनिटापर्यंत विजयाच्या तयारीत होतं. तेव्हा जॉन अट्येओनं बरोबरी साधली आणि त्या एका गुणावर इंग्लंड १९५८ च्या विश्वचषकाला पात्र ठरलं. १९६० मध्ये आयर्लंडनं पश्चिम जर्मनीला डुसेलडॉर्फला जाऊन १-० हरवलं. १९६५ मध्ये युरोपविजेत्या स्पेनला डब्लिनमध्ये १-० हरवलं, सेव्हिलमध्ये ४-१ अशी हार खाल्ली आणि निर्णायक सामना पॅरिसला गेला. स्टेडियम स्पॅनिश कामगारांनी भरलं होतं. शेवटच्या टप्प्यात स्पेनच्या उफार्तेनं गोल केला आणि आयर्लंडचा १९६६ चा विश्वचषक हुकला. त्याच पात्रता फेरीत मँचेस्टरमध्ये जन्मलेला, आयरिश आईबापांचा शे ब्रेनन आयर्लंडसाठी खेळला. परदेशात जन्मलेल्या आयरिश मुलांना संघात घेण्याची पुढे मोठी झालेली वाट तिथून सुरू झाली.

ऑक्टोबर १९५८ मध्ये एव्हर्टननं कॅरीला बोलावलं. क्लबची दशा काय होती ते त्याच महिन्यात टॉटनमनं दाखवून दिलं होतं : १०-४. गुडिसन पार्क त्याला नवखं नव्हतं, तिथंच त्यानं इंग्लंडला हरवलं होतं. पहिले दोन हंगाम तळाकडून दूर राहण्यात गेले. मग १९६० मध्ये जॉन मूर्स अध्यक्ष झाले. फुटबॉलवर पैज लावण्याच्या ‘लिटलवुड्स पूल्स’मधून आणि दुकानांमधून त्यांनी अफाट संपत्ती मिळवली होती आणि क्लबसाठी ते तिजोरी उघडायला तयार होते. कॅरीनं ब्लॅकबर्नहून आपला जुना व्हर्नन आणला, डंडीहून जिमी गेब्रिएल, हार्ट्सहून ॲलेक्स यंग, ल्यूटनहून बिली बिंगम. यंगच्या नाजूक, डौलदार खेळावर गुडिसनचे प्रेक्षक पुढची कितीतरी वर्षं फिदा राहिले. १९६०-६१ मध्ये एव्हर्टन पाचवं आलं. युद्धानंतरचं ते क्लबचं सर्वांत वरचं स्थान होतं.

मूर्सना पाचवं नको होतं. हिवाळ्यात संघाची गाडी घसरली होती. अध्यक्षांना वाटलं, मॅनेजर फार मवाळ आहे. शेफील्ड वेन्सडेचा हॅरी कॅटरिक त्यांच्या मनात भरला होता. शिस्तीचा कडक, आणि पूर्वी एव्हर्टनकडूनच खेळलेला. वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली. एप्रिलमध्ये लंडनच्या कॅफे रॉयलमध्ये लीगची बैठक होती आणि मूर्स व कॅरी दोघंही तिथं गेले होते. आपलं नक्की काय ठरलंय ते एकदा सांगून टाका, असं कॅरीनं विचारलं. हॉटेलकडे परतताना टॅक्सीत मूर्सनी सांगितलं की नोकरी गेली.

त्या क्षणाकडे पाहताना ते वर्ष कोणतं होतं हे विसरता कामा नये. जानेवारी १९६१ मध्येच खेळाडूंच्या आठवड्याला २० पौंडांच्या पगाराची कमाल मर्यादा उठली होती. क्लब आता ज्याच्याकडे पैसा त्याचे होऊ लागले होते आणि पैसा घालणाऱ्याला लगेच परतावा हवा होता. बझ्बीला युनायटेडनं विजेतेपदासाठी सहा हंगाम दिले होते. कॅरीला एव्हर्टननं अडीच दिले. १९६३ मध्ये कॅटरिकच्या एव्हर्टननं लीग जिंकली. कॅटरिकनंही खेळाडू विकत आणले, संघाला धार आणली, ते श्रेय त्याचंच. पण त्या हंगामात व्हर्नन आणि यंग यांनी मिळून लीगमध्ये ४६ गोल केले आणि दोघांनाही आणलं होतं कॅरीनं.

१९६१ च्या उन्हाळ्यात कॅरी पूर्व लंडनला लेटन ओरिएंटमध्ये गेला. लहानसं मैदान, लहानसा क्लब, आदल्या हंगामात दुसऱ्या विभागातून खाली पडता पडता वाचलेला. कॅरीनं कुठलीही मोठी खरेदी केली नाही. कर्णधार स्टॅन चार्ल्टन, पुढे डेव्ह डनमोर. आहेत त्यांनाच घेऊन, तेच तेच अकरा खेळवत तो चालत राहिला. २८ एप्रिल १९६२ रोजी ओरिएंटनं बरीला २-० हरवलं, दोन्ही गोल माल्कम ग्रॅहमचे. तिकडे संडरलंड स्वानसीला बरोबरीत अडकलं आणि ओरिएंट एका गुणानं पहिल्या विभागात गेलं. त्यांच्या वर होतं फक्त बिल शँक्लीचं लिव्हरपूल.

पहिल्या विभागात हा संघ टिकणारा नव्हता आणि टिकलाही नाही. तो तळाला गेला. पण १९६२ च्या सप्टेंबरचा पहिला पंधरवडा लेटनच्या लोकांनी जपून ठेवला. त्या काही दिवसांत ओरिएंटनं वेस्ट हॅमला हरवलं, बझ्बीच्या मँचेस्टर युनायटेडला १-० हरवलं आणि एव्हर्टनला ३-० हरवलं. हंगामाअखेर लीग जिंकणारं एव्हर्टन ते हेच.

१९६३ मध्ये नॉटिंगम फॉरेस्टनं त्याला घेतलं आणि इथे त्याचं मॅनेजर म्हणून सर्वांत पूर्ण काम झालं. मागे बॉब मॅकिन्ली, टेरी हेनेसी. मध्ये जॉन बार्नवेल, हेन्री न्यूटन. पुढे जो बेकर, फ्रँक विग्नल आणि डावीकडे इयन स्टोरी-मूर. १९६६-६७ मध्ये हा संघ लीग आणि कप या दोन्हींच्या मागे लागला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी जॉर्ज बेस्ट, डेनिस लॉ आणि बॉबी चार्ल्टनच्या युनायटेडला ४-१ हरवलं.

८ एप्रिल १९६७ रोजी कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ट्रेंट नदीकाठच्या सिटी ग्राउंडवर कपचा आदल्या वर्षीचा विजेता आला. तो होता कॅटरिकचा एव्हर्टन. सत्तेचाळीस हजारांवर प्रेक्षक होते. जिमी हसबंडनं एव्हर्टनला पुढे नेलं आणि फॉरेस्टचा बेकर जखमी होऊन बाहेर गेला. स्टोरी-मूरनं एक परत केला, मग दुसरा घालून आघाडी मिळवली. हसबंडनं २-२ केले. सामना संपायला आला असताना चेंडू पुन्हा स्टोरी-मूरकडे आला. फटका अडला. परत आलेला चेंडू त्यानं पुन्हा मारला, तो आडव्या खांबावर आदळून उसळला. खाली येणाऱ्या चेंडूखाली तोच होता. त्यानं तो डोक्यानं जाळ्यात ढकलला. ३-२. नॉटिंगममध्ये हा सामना आजही सांगितला जातो.

पण बेकर त्या हंगामात पुन्हा खेळू शकला नाही आणि संघाची धार गेली. उपांत्य सामन्यात टॉटनमनं फॉरेस्टला २-१ हरवलं. लीगमध्ये ५६ गुणांनी फॉरेस्ट दुसरं आलं, ६० गुणांच्या युनायटेडच्या मागे. ज्या माणसाकडून कॅरी हे काम शिकला त्या बझ्बीनंच त्याला मागे टाकलं. ब्रायन क्लफच्या संघानं १९७८ मध्ये लीग जिंकेपर्यंत हे फॉरेस्टचं सर्वोत्तम स्थान राहिलं.

त्यानंतरची उतरण वेगानं आली. डिसेंबर १९६७ मध्ये स्कॉटलंडचा जिम बॅक्स्टर एक लाख पौंडांना आणला गेला. त्याची प्रतिभा मोठी, पण ती तोवर मद्यानं पोखरली होती. २४ ऑगस्ट १९६८ रोजी लीड्सविरुद्ध १-१ असताना मध्यंतराच्या सुमारास मुख्य स्टँडला आग लागली. तीस हजारांवर माणसं मैदानात उतरून बाहेर पडली आणि एकालाही इजा झाली नाही. स्टँड मात्र जळाला आणि त्यासोबत क्लबचे जुने कागद आणि मानचिन्हंही गेली. पुढचे काही ‘घरचे’ सामने फॉरेस्टला नदीपल्याड नॉट्स काउंटीच्या मैदानावर खेळावे लागले. परक्या मैदानावर घर थाटणं कॅरीनं कर्णधार असताना मेन रोडवर पाहिलं होतं. पण तेव्हा संघ चढता होता, आता उतरता. डिसेंबर १९६८ मध्ये त्याला काढण्यात आलं.

शेवटी तो ब्लॅकबर्नलाच परतला, आधी जनरल मॅनेजर म्हणून आणि मग पुन्हा संघाची सूत्रं घेऊन. १९७१ मध्ये ब्लॅकबर्न इतिहासात पहिल्यांदाच तिसऱ्या विभागात घसरलं आणि बावन्न वर्षांच्या कॅरीची मॅनेजरची कारकीर्द संपली. पुढे त्यानं कापडधंद्यातल्या एका कंपनीत आणि मग ट्रॅफर्डच्या नगरपालिकेच्या हिशेब विभागात नोकरी केली. आत्मचरित्राचा, मुलाखतींचा बाजार त्यानं मांडला नाही. २२ ऑगस्ट १९९५ रोजी, शहात्तराव्या वर्षी, त्याचं निधन झालं.

त्याच्या हाताखालून गेलेल्यांची यादीच बरंच काही सांगते. ब्लॅकबर्नचा विंगर ॲली मॅकलाउड १९७८ च्या विश्वचषकाला स्कॉटलंडला घेऊन गेला. एव्हर्टनसाठी त्यानं आणलेल्या बिंगमनं १९८२ आणि १९८६ अशा दोन विश्वचषकांत उत्तर आयर्लंडचं नेतृत्व केलं. १९८२ मध्ये त्यांनी यजमान स्पेनला हरवलं. एव्हर्टनमध्ये त्याच्या हाताखाली खेळलेला मिक मीगन १९६९ मध्ये आयर्लंडचा मॅनेजर झाला तेव्हा खेळाडूंच्या रेट्यामुळे निवड समितीचा अधिकार संपला होता. बारा वर्षं कॅरीला जो हक्क मिळाला नव्हता, स्वतःचा संघ स्वतः निवडायचा, तो मीगनला पहिल्या दिवसापासून मिळाला. आणि लेटन ओरिएंट? कॅरीनं एका वर्षात त्यांना जिथं नेलं, तिथं त्यांना आजतागायत परत जाता आलेलं नाही.